नऊ नंबरचा रकाना

बीड,
शुक्रवार, दुपार

प्रिय राणी,

पंचमीपासून तू माझा फोन उचलत नाहीस. चार वेळा केला. पाचव्यांदा तुझ्या अभिमन्यूरावांनी उचलला आणि म्हणाले, ती गोठ्यात हाय. भर दुपारी बारा वाजता तू गोठ्यात काय करतीस ते मला ठाऊक आहे, पण जाऊ दे. फोन कट करता येतो, पत्र कट करता येत नाही. फार तर चुलीत घालशील. तेवढं पूर्ण वाचून झाल्यावर घाल.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. ओळी सुट्या सुट्या ठेवल्यात. कागदाच्या एकाच बाजूला लिहिलंय, म्हणजे मागची शाई पुढं उमटायची नाही. घाई करू नको, बोट ठेवून वाच. आणि हे अभिमन्यूरावांकडून किंवा शेजारच्या कॉलेजातल्या पोरीकडून वाचून घेऊ नको. तुझं तूच वाचायचं. कावून, ते शेवटी कळेल.

पंचमीला आईच्या ओसरीवर आपण दोघी भांडलो, ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी काय वाईट बोलले होते? एवढंच म्हणाले की आरोही आता पहिलीत गेलीय, तिला यंदा फडावर नेऊ नको. तुम्ही दोघं ऊस तोडायला गेलात की गावातल्याच शाळेत आमच्या संस्थेचं वसतिगृह सुरू होतं, गुढीपाडव्यापर्यंत पोरं तिथंच राहतात, जेवतात, शाळेत जातात. एक अर्ज भर, बस. त्यावर तू मेंदीचे हात झटकून उठलीस. म्हणालीस, "तुझ्या त्या वेबसाइटनं मला एकदा हाकललंय आक्का. माझ्या लेकीला मी तिच्या दारात उभी करायची न्हाई." आणि जाता जाता वर आणखी टाकलंस, "ती तुमच्यासारख्या शिकलेल्यांची हाय. आमा कोयतेवाल्यांची न्हाई."

मला लई राग आला. तू खरं बोललीस म्हणून आला. ती वेबसाइट आपली नव्हतीच, राणी. पण आता ती आपली आहे, आणि ती तशी करायला मला काय काय करावं लागलं ते तुला सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझं काम काय, हे मी तुला कधी धड सांगितलंच नाही. आई गावात सांगत फिरते, शीला बीडात कम्प्युटरवर हाय. कम्प्युटरवर म्हणजे काय, झोपायला? तर ऐक. आमची संस्था ऊसतोड्यांच्या पोरांची वसतिगृहं चालवते. अर्ज वेबसाइटवर भरायचा असतो. त्या वेबसाइटवर जे जे लिहिलेलं दिसतं, ते लिहायचं काम माझं. लोक म्हणतात, त्यात लिहायचं काय असतं? मी आले तेव्हा पहिल्या पानावर काय होतं ते बघ: "स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या पाल्यांकरिता हंगामी निवासी व्यवस्थेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या पालकांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत सादर करणे अनिवार्य राहील." वाच बघू एका दमात. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकची फळी चढताना तुझा दम जात नाही, पण या वाक्यात जाईल.

मी ते काढून टाकलं. त्या जागी लिहिलं: "तुम्ही ऊस तोडायला जाता. तुमचं मूल गावातच राहून शिकू शकतं. राहणं आणि जेवण फुकट आहे. अर्ज ३० सप्टेंबरपर्यंत भरा." झालं. यात न समजण्यासारखं काही आहे का, सांग.

ही रीत मला कुठल्या कॉलेजानं शिकवली नाही, छबुबाईंनी शिकवली. छबुबाई आमच्या ऑफिसात झाडलोट करतात, चहा करतात. पंचवीस हंगाम कोयता चालवला, मग गुडघे गेले. अक्षरं शिकल्या त्या प्रौढांच्या वर्गात, चाळिशी उलटल्यावर. एकदा मी फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, मावशी, वाचा. त्यांनी सवयीनं ओळीवर बोट ठेवलं, तर काचेवरचा सगळा मजकूर सरकून वर पळाला. त्या घाबरल्या, म्हणाल्या, बाई, माझ्या हातनं पुसलं गेलं सगळं. मग मी ते कागदावर छापून दिलं. बोट चालायला लागलं. "पाल्यांकरिता"पाशी थांबलं. "विहित"पाशी थांबलं. "अनिवार्य"पाशी तर त्यांनी बोट उचलूनच घेतलं आणि म्हणाल्या, "ह्ये वाचायला मी लई म्हातारी झाले." मी म्हटलं, मावशी, तुम्ही नाही म्हाताऱ्या झालात, हे वाक्य म्हातारं आहे.

तेव्हापासून माझा हा नेमच झाला. काहीही लिहिलं की मोठ्या अक्षरात छापायचं आणि पिशवीत घालून निघायचं. पाटोद्याच्या स्टँडवर, नांदूरघाटच्या बाजारात, जिथं बाया बसलेल्या असतील तिथं जाऊन बसायचं. वाचता का जरा, म्हणायचं. जिथं बोट थांबेल तिथं पेन्सिलनं टिंब द्यायचं. दोघींचं बोट एकाच जागी थांबलं, की तो शब्द गेला. मग तो कितीही आवडता असू दे. माझे किती लाडके शब्द असे गेले म्हणून सांगू.

वेबसाइटचे रंगही बदलले. हिरव्यावर करडी अक्षरं होती, पुण्याच्या कुण्या पोरानं एसीत बसून काढलेली. दिसायला गोड. मी त्याला फोन करून सांगितलं, बाबा रे, आमची माणसं अर्ज उन्हात उभं राहून भरतात आणि निम्म्या फोनांची काच फुटलेली असते. पांढऱ्यावर काळं कर आणि अक्षर मोठं कर. तो म्हणाला, मॅडम, मग ते साधं दिसेल. म्हटलं, साधंच पाहिजे. आणखी एक नियम मी भिंतीवर लिहून लावलाय: मुख्य गोष्ट सगळ्यात वर. वाचणारा कधी कंटाळून सोडून जाईल ते सांगता येत नाही, म्हणून त्याच्या कामाचं जे असेल ते पहिल्या ओळीत सांगायचं. ऑफिसात सगळ्यांच्या मागं मी या नियमासाठी लागलेली असते.

तुला वाचायचं किती वेड होतं, आठवतं का? किराणाच्या पुड्याचा कागद आधी तू वाचणार, मग आई चुलीला लावणार. चहापत्तीच्या पाकिटावरचा पत्तासुद्धा तू मोठ्यानं वाचायचीस. सहावीत होतीस. ट्रक निघाला तेव्हा मी पाटोद्याहून तुम्हाला निरोप द्यायला आले होते, मावशीकडं राहत होते ना मी दहावीसाठी. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, शेळी, आणि त्या सगळ्याच्या वर तू दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. आई म्हणाली, दप्तर कशाला गं, तिथं शाळा न्हाई. तू म्हणालीस, राहू दे, वाचीन मी. ते दप्तर परत आलं तेव्हा त्यात चिपाडं आणि एक वही होती, आणि पुढच्या जूनमध्ये तुझं नाव पटावर नव्हतं. हे मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षीचे नामंजूर झालेले सगळे अर्ज मी मागवून घेतले आणि एकेक वाचला. त्यातले एकसष्ट अर्ज एकाच रकान्यात पडले होते. नऊ नंबरचा रकाना. त्यात विचारलं होतं: "हंगाम कालावधीत पाल्याच्या वास्तव्याचे ठिकाण." संस्थेला हवं होतं गावाचं नाव, कारण मूल गावातच वसतिगृहात राहणार. पण आपल्याकडं "हंगामात कुठं?" असं कुणी विचारलं तर माणूस काय सांगतो? कारखान्याचं नाव सांगतो. सोयरीक जुळवताना, बाजारात भेटल्यावर, मयतीला गेल्यावरसुद्धा हाच सवाल आणि हेच उत्तर. त्या एकसष्ट घरांनी तेच लिहिलं. कुणी सांगलीकडचा कारखाना, कुणी कर्नाटकातला. कम्प्युटरनं पाहिलं, जिल्ह्याबाहेर. शिक्का मारला, "वास्तव्य कार्यक्षेत्राबाहेर, अपात्र." एकसष्ट पोरं आईबापांबरोबर ट्रकवर चढली. चूक कुणाची, तर म्हणे अर्ज भरणाऱ्याची.

मी रकाना बदलला. आता तिथं आहे: "आई-वडील ऊस तोडायला गेल्यावर मूल कुठं राहणार? वसतिगृहात राहणार असेल, तर तुमच्या गावाचं नाव लिहा. कारखान्याचं नाव लिहू नका." लांब आहे, मान्य. पण कुणाचंही बोट थांबलं नाही.

तर आमचे सचिव, गुरुलिंग सर, भडकले. निवृत्त हेडमास्तर आहेत. कपाळावर भस्म, पांढरे कपडे, माणूस सज्जन, संस्थेसाठी घरचं दुकान भावाच्या हवाली करून बसलेले. जुना मजकूर शब्दन्‌ शब्द त्यांनीच लिहिलेला. म्हणाले, सत्यशीला, ही काय बाजारातली भाषा? संस्थेची काही प्रतिष्ठा आहे की नाही? लोकांना वर आणायचं असतं, भाषेला खाली न्यायचं नसतं. मी म्हटलं, सर, लोक वर येईपर्यंत पोरं फडावर जातात. ते म्हणाले, सोमवारच्या बैठकीआधी जुना मजकूर जागेवर पाहिजे, नाहीतर तुझा राजीनामा पाहिजे. मी म्हटलं, जुना मजकूर मी माझ्या हातानं टाकणार नाही. पासवर्ड देते, तुम्ही टाका. त्यांना ते येत नाही, हे मला माहीत होतं. एवढा आगाऊपणा मी केला, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

सोमवारी पाच जण बसले. मी वाद घातला नाही. छबुबाई चहा घेऊन आल्या तेव्हा फक्त एवढंच म्हटलं, सर, यांची नात पहिलीपासून यांच्याजवळ राहते, इथं बीडात, तुम्ही तिला ओळखता. यांचा मुलगा आणि सून कोयत्यावर जातात. तुम्ही नातीचा अर्ज भरा, यांना विचारून, तुमच्याच जुन्या कागदावर, तुमच्याच हातानं. सरांना वाटलं, त्यात काय मोठंसं. पेन काढलं. नाव लिहिलं, वय लिहिलं, शाळा लिहिली. नऊ नंबरला आले आणि शाळेत वाचत असत तसं खणखणीत आवाजात वाचलं, "हंगाम कालावधीत पाल्याच्या वास्तव्याचे ठिकाण." छबुबाई कपबशा गोळा करता करता म्हणाल्या, "सांगलीकडचा कारखाना लिवा की सर. दुसरं कुठलं असणार?"

नात त्या वेळी शाळेत होती, ऑफिसापासून दोन गल्ल्या सोडून. सरांनी ते लिहिलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, असे किती? मी म्हटलं, गेल्या वर्षी एकसष्ट, त्याआधीचे कुणी मोजलेले नाहीत. ते म्हणाले, यंदाच्या हंगामापुरता तुझा मजकूर राहील. पण लेखी दे, चुका वाढल्या तर जबाबदारी तुझी आणि तू घरी. मी तिथल्या तिथं सही करून दिली. सर अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत. मात्र काल पाण्याच्या टाकीची सूचना लिहून त्यांनी माझ्याकडं न देता छबुबाईंपुढं ठेवली आणि वाचा म्हणाले. मी खिडकीतून बघत होते.

तू म्हणशील, आक्का, तू लई शूर, पण याचं मला काय? तेच सांगायचं आहे, आणि त्याच्यापाशी येता येता पत्र संपत आलं. मुख्य गोष्ट सगळ्यात वर, असं मी जगाला शिकवते. या पत्रात मीच ती सगळ्यात खाली ठेवली. पहिल्या ओळीत लिहायची छाती झाली नाही. आता लिहिते.

राणी, तुझा अर्ज कम्प्युटरनं कापला नव्हता. तो अर्ज मी भरला होता. हीच संस्था होती, हाच नऊ नंबरचा रकाना होता. आपल्या अण्णांनी कागद माझ्याकडं दिले, कारण मी दहावीला, मराठीत वर्गात पहिली. पाटोद्याच्या सायबर कॅफेत बसून मी भरला. नऊ नंबरला आले आणि मला नीट कळलं नाही. कॅफेवाला म्हणाला, अडलं असेल तर खाली नंबर हाय, फोन लाव. मी म्हटलं, समजलं मला. लाज वाटली. मराठीत पहिली आलेल्या पोरीला मराठी कळत नाही, हे कसं सांगायचं? मी कारखान्याचं नाव लिहिलं. पंधरा दिवसांनी अपात्र असा निकाल आला, तो वाचल्यावर चूक काय झाली ते मला लख्ख कळलं. दुरुस्तीला चार दिवस होते. चार दिवस, राणी. एक रकाना खोडून गावाचं नाव लिहायचं होतं. पण मग चूक माझी होती हे अण्णांना सांगावं लागलं असतं. मी घरी निरोप धाडला की कम्प्युटरनं नाव कापलं. अण्णा म्हणाले, तिच्या नशिबात शाळा न्हाई. मी त्यांना तसं म्हणू दिलं. तेरा वर्षं सगळ्यांना म्हणू दिलं. या नोकरीला मी चुकून लागलेले नाही. रुजू झाले त्या दिवशी सगळ्यात आधी नऊ नंबरचा रकाना उघडून बघितला, अक्षरही बदललेलं नव्हतं.

तुझं जे गेलं ते मला परत देता येणार नाही. माफी मागते. देऊ नये वाटलं तर देऊ नको, मला शिव्या घाल, आईला सांग, भावकीत सांग, मी नाही म्हणणार नाही. पण माझ्यावरचा राग आरोहीवर काढू नको. या पत्रासोबत तिचा अर्ज छापून पाठवलाय. मी तो भरू शकले असते, तिचं सगळं मला पाठ आहे. मी भरणार नाही. एकदा भरलाय मी. आता तू भर, तुझ्या हातानं, बोट ठेवून. भरलेला कागद इकडं धाड, मी तो जसाच्या तसा वेबसाइटवर चढवीन. कुठंही बोट थांबलं तर तिथं टिंब दे आणि कागद माझ्याकडं परत धाड; ती चूक माझी असेल, तुझी नसेल, आणि मी ती रातोरात बदलीन, मग गुरुलिंग सरांना काय वाटायचं ते वाटू दे. तीस तारखेपर्यंत वेळ आहे. नऊ नंबरला आलीस की तुझ्या गावाचं नाव लिही.

तुझ्या कागदाची वाट बघणारी, तुझीच

आक्का